आपण बघत नसताना तोरणा असतो का? ‘वास्तव म्हणजे भास’ या दाव्यामागचं क्वांटम सत्य

‘वास्तव म्हणजे निव्वळ भास, आता विज्ञानानंही मान्य केलं!’ अशा मथळ्याचं एखादं रील तुमच्यापर्यंतही आलं असेल. मागे संथ संगीत, गोल फिरणारी आकाशगंगा आणि खर्जातला एक आवाज. तो सांगतो की कुणी पाहिल्याशिवाय जगात काहीच अस्तित्वात नसतं, दगडसुद्धा ९९.९९ टक्के रिकामा असतो आणि २०२२ चं नोबेल हेच सिद्ध केल्याबद्दल मिळालं. शेवटी कोर्सची लिंक असते.

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या विंझरला राहणाऱ्या माझ्या आतेभावानं असंच एक रील पाठवलं. खाली एकच ओळ होती: ‘ताई, म्हणजे आपण बघत नसलो की तोरणा नसतो का?’

बारावी सायन्सच्या मुलाचा हा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. खुद्द आइनस्टाइननं तो विचारला होता, फक्त तोरण्याऐवजी चंद्राबद्दल. अब्राहम पाइस या भौतिकशास्त्रज्ञानं आठवण लिहून ठेवली आहे: दोघं चालत असताना आइनस्टाइन अचानक थांबला आणि त्यानं विचारलं, मी बघतो तेव्हाच चंद्र असतो असं तुला खरंच वाटतं का? आइनस्टाइनला ते पटत नव्हतं. त्याच्या मते क्वांटम सिद्धांत अपुरा होता.

मग २०२२ च्या नोबेलनं नेमकं काय सांगितलं? रीलवाले त्यात कुठे घसरतात? आणि घसरूनही त्यांच्या हाती सत्याचा एक तुकडा कसा लागतो? जरा सावकाश समजून घेऊ.

नोबेल कशासाठी मिळालं?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना जाहीर झालं: फ्रान्सचे अलां आस्पे, अमेरिकेचे जॉन क्लॉझर आणि ऑस्ट्रियाचे अँटन झायलिंगर. विषय होता गुंतलेले फोटॉन आणि बेलच्या असमानतांचा भंग. ‘भास’ हा शब्द त्या निवेदनात कुठेही नाही.

गोष्ट १९३५ पासून सुरू होते. त्या वर्षी आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी एक शोधनिबंध लिहिला. क्वांटम सिद्धांतानुसार दोन कण एकमेकांत असे गुंतू शकतात की एकाची तपासणी केली की दुसऱ्याचं उत्तर लगेच कळतं, मग तो कितीही लांब असो. आइनस्टाइनचा युक्तिवाद असा की यात जादू असण्याचं कारण नाही, कणांकडे ती उत्तरं आधीपासूनच असणार. आपल्याला ती दिसत नाहीत, इतकंच.

कोल्हापुरी चपलांचा एक जोड घ्या. न बघता एक चप्पल एका खोक्यात, दुसरी दुसऱ्या खोक्यात. एक खोकं विंझरला ठेवा, दुसरं एसटीनं स्वारगेटला पाठवा. विंझरचं खोकं उघडलं आणि डावी निघाली, तर स्वारगेटला उजवी आहे हे त्याच क्षणी कळलं. विंझरहून स्वारगेटला कुठला संदेश गेला का? नाही. डावी-उजवी आधीच ठरलेलं होतं. कणही असेच असतील, असं आइनस्टाइनला वाटत होतं.

तीसेक वर्षं हा वाद जवळपास तत्त्वज्ञानाच्या खात्यात पडून राहिला. १९६४ मध्ये जॉन बेल या उत्तर आयर्लंडच्या भौतिकशास्त्रज्ञानं दाखवलं की याचा निकाल प्रयोगशाळेत लागू शकतो. चपला जे करू शकत नाहीत, असं काहीतरी कण करून दाखवतात का, एवढंच तपासायचं.

एक खेळ: विंझर विरुद्ध स्वारगेट

बेलचं प्रमेय बहुतेक ठिकाणी सूत्रात सांगतात. त्याऐवजी खेळ करून बघू. कागद-पेन असेल तर उत्तम.

दोन भावंडं एका संघात आहेत. एक विंझरला बसलंय, दुसरं स्वारगेटला. मध्ये पन्नासेक किलोमीटर अंतर आणि फोन बंद. दोघांसमोर एकेक पंच आहे. पंच नाणं उडवतो. छापा पडला तर विचारतो ‘तोरणा?’, काटा पडला तर ‘राजगड?’ उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ द्यायचं. दुसऱ्या पंचानं काय विचारलं, हे कुणालाच माहीत नाही.

जिंकायचा नियम असा. दोघांनाही ‘राजगड?’ विचारलं गेलं तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे दोघांना ‘तोरणा?’ आल्यास किंवा एकाला हा आणि दुसऱ्याला तो प्रश्न आल्यास, उत्तरं सारखी हवीत.

खेळाआधी दोघांनी कितीही खल करावा, काहीही ठरवून यावं. सगळ्यात चांगली युक्ती कोणती?

समजा दोघांनी ठरवलं की काहीही विचारलं तरी ‘हो’ म्हणायचं. चारपैकी तीन प्रकारच्या फेऱ्या जिंकल्या. फक्त राजगड-राजगड आलं की हरले. ७५ टक्के. याहून बरं काही जमेल?

करून बघा. विंझरचं ‘तोरणा’चं उत्तर स्वारगेटच्या ‘तोरणा’शी जुळायला हवं. तेच विंझरचं उत्तर स्वारगेटच्या ‘राजगड’शीही जुळायला हवं. म्हणजे स्वारगेटची दोन्ही उत्तरं सारखीच झाली. आता विंझरचं ‘राजगड’चं उत्तर स्वारगेटच्या ‘तोरणा’शी जुळवायचं, म्हणजे चारही उत्तरं एकच झाली. आणि चौथी अट म्हणते की राजगड-राजगडला उत्तरं वेगळी हवीत! चार अटी एकदम पाळणं अशक्य आहे. कितीही डोकं लावा, उत्तरं आधी ठरलेली असतील तर सरासरी ७५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. बेलच्या प्रमेयाचं हेच मर्म आहे. (क्लॉझर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये जी प्रयोगयोग्य मांडणी केली, तिच्या जवळचं हे रूप आहे.)

आता भावंडांच्या हाती उत्तरांच्या यादीऐवजी गुंतलेल्या फोटॉनची एकेक जोडी द्या. एक फोटॉन विंझरला, दुसरा स्वारगेटला. उत्तर स्वतः ठरवायचं नाही, फोटॉनला विचारायचं. पोलरॉइड गॉगलसारखी काच घ्यायची, प्रश्नानुसार ती ठराविक कोनात फिरवायची. फोटॉन पार झाला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. विंझरला ‘तोरणा’साठी ० अंश आणि ‘राजगड’साठी ४५ अंश. स्वारगेटला ‘तोरणा’साठी साडेबावीस अंश, ‘राजगड’साठी उलट्या बाजूला साडेबावीस.

क्वांटमचं गणित सांगतं की अशा वेळी सुमारे ८५ टक्के फेऱ्या जिंकता येतात.

७५ आणि ८५. सगळा वाद या दहा टक्क्यांचा आहे. कारण ७५ ची मर्यादा ही काही तंत्राची अडचण नाही, ती तर्कानं सिद्ध झालेली आहे. ती ओलांडली गेली, तर ‘उत्तरं आधीच ठरलेली होती आणि इथलं तिथे काही पोचत नव्हतं’ हे गृहीतकच चुकलं.

ती मर्यादा खरंच ओलांडली का?

ओलांडली, आणि अनेकदा. १९७२ मध्ये बर्कलीला क्लॉझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी पहिला ठोस प्रयोग केला. १९८१-८२ मध्ये आस्पे यांच्या गटानं पॅरिसजवळच्या ओर्सेला तो अधिक काटेकोर केला, फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलले. १९९८ मध्ये झायलिंगर यांच्या गटानं प्रश्न खऱ्या अर्थानं यादृच्छिक केले.

तरी शंकेला जागा होती. उपकरणांनी सोयीचे फोटॉनच मोजले असतील तर? दोन्ही टोकांमध्ये गुपचूप निरोप गेला असेल तर? २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात या दोन्ही पळवाटा एकाच वेळी बंद केल्या. हिऱ्यातले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून १.३ किलोमीटरवर ठेवले होते. एवढं अंतर कापायला प्रकाशालाही चार मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि उत्तर त्याआधीच नोंदवलं जात होतं. खेळाच्या २४५ फेऱ्या झाल्या, त्यातल्या १९६ जिंकल्या. म्हणजे बरोबर ८० टक्के.

त्यावरही कुणी म्हणेल की नाणं उडवणारे पंचच आधी फितूर असतील. २०१८ मध्ये झायलिंगर यांच्या गटानं पंचांचं काम दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशाकडे सोपवलं. त्यातला एक प्रकाश ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, दुसरा १२२० कोटी वर्षांपूर्वी. मर्यादा तरीही ओलांडली गेली. कुणी कट केलाच असेल तर तो पृथ्वीच्या जन्माच्याही आधी शिजलेला असायला हवा.

मग काय तुटलं आणि काय तुटलं नाही?

तुटलं ते ‘स्थानिक वास्तव’. या जोडशब्दात दोन समजुती आहेत. पहिली: इथे केलेल्या गोष्टीचा परिणाम तिथे पोचायला वेळ लागतो, आणि तो प्रकाशापेक्षा वेगानं पोचत नाही. दुसरी: आपण मोजण्याआधीही वस्तूकडे ठरलेले गुणधर्म असतात. प्रयोग सांगतात की या दोन्ही एकत्र टिकत नाहीत. कोणती सोडायची, हे प्रयोग सांगत नाहीत.

रील इथेच उडी मारतं. ‘स्थानिक वास्तव’मधला ‘स्थानिक’ गाळून टाकतं आणि ‘वास्तव खोटं ठरलं’ अशी हेडलाइन करतं. डिजिटल डेस्कवर काम करताना शब्द गाळून मथळा चटपटीत करण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. पण या ठिकाणी गाळलेल्या एका शब्दानं अर्थ उलटा होतो.

आणखी एक गैरसमज. गुंतलेल्या कणांनी विंझरहून स्वारगेटला निरोप पाठवता येतो का? नाही. स्वारगेटच्या भावंडाला नुसती ‘हो-नाही-नाही-हो’ अशी विस्कळित यादी दिसते. विंझरची यादी फोननं किंवा एसटीनं आणून शेजारी ठेवली, तरच त्यातलं नातं दिसतं. सह्याद्रीच्या खोऱ्यातला रेंजचा प्रश्न यानं सुटणार नाही.

‘बघणारा’ म्हणजे कोण?

आतेभावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. क्वांटमच्या पुस्तकात ‘निरीक्षण’ हा शब्द येतो आणि आपण तो डोळे, मन, जाणीव असा वाचतो. प्रयोगशाळेत निरीक्षण म्हणजे कणाचा दुसऱ्या कशाशी तरी असा संबंध येणं, की त्याची खूण मागे राहील. ते फोटोची फिल्म करते, मोबाइलच्या कॅमेऱ्यातली चिप करते, हवेचा एखादा रेणूही करतो. खोलीत माणूस नसला तरी चालतं.

इलेक्ट्रॉन दोन फटींतून एकदम गेल्यासारखा वागतो, ते तो एकटा असतो तोवर. वाटेत कुणी त्याला ‘कुठून गेलास?’ विचारलं, अगदी एखाद्या भरकटलेल्या रेणूनं जरी, की ते वागणं संपतं. शास्त्रज्ञ याला ‘डिकोहिरन्स’ म्हणतात. मराठीत सुसंगतीचा लोप म्हणता येईल.

आता तोरणा घ्या. समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच. पावसाळ्यात ढगात गेला की खालून कुणालाच दिसत नाही. पण त्याच्या पाषाणाला हवा सतत आदळते आहे. एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. दिवसा सूर्यप्रकाश आहे. रात्री अमावस्या असली तरी महास्फोटानंतर उरलेला सूक्ष्मलहरींचा प्रकाश अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४११ फोटॉन या हिशेबानं भरून आहे. हे सगळे, माणसाच्या भाषेत बोलायचं तर, तोरण्याकडे अखंड ‘बघत’ आहेत. तोरणा एकाच वेळी इथेही आणि तिथेही असण्याच्या अवस्थेत क्षणभरही टिकू शकत नाही. आपली नजर त्यात काही भर घालत नाही.

जाणीव असल्याशिवाय वास्तव घडत नाही, या दाव्याला आपल्याच जिल्ह्यातून एक अडचण उभी राहते. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. ती हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ऐकू शकते. ही लहर पूर्णपणे क्वांटम घटनेतून येते: हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते. मोकळ्या अणूत हे आपोआप घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षं लागतात. पण हायड्रोजन इतका प्रचंड आहे की लहर येत राहते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात जीएमआरटीनं ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर टिपली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता, बघायला इथे कुणीही नव्हतं. कुणाच्या जाणिवेनं तो अणू उलटवला?

दगड ‘रिकामा’ असतो का?

रीलमधला दुसरा लाडका दावा. अणूचं केंद्रक अणूच्या सुमारे एक लक्षांश आकाराचं असतं हे खरं. अणू एक किलोमीटर रुंद केला तर केंद्रक एक सेंटिमीटरचं, साधारण बोराएवढं. उरलेली जागा रिकामी, म्हणून दगड म्हणजे भास, असा तर्क केला जातो.

तर्क मध्येच तुटतो. ती जागा रिकामी नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे तिथे घिरट्या घालणारा छोटा गोटा असता तर रिकामी म्हणता आली असती. क्वांटममध्ये तो सगळ्या अणूभर पसरलेला असतो. आणि मजा पुढे आहे. जुन्या, क्वांटमपूर्व भौतिकशास्त्राप्रमाणे अणू टिकायलाच नको होता. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडत सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास केंद्रकावर जाऊन पडायला हवा होता. तो पडत नाही, कारण क्वांटमचे नियम त्याला एका मर्यादेपेक्षा जवळ दाबू देत नाहीत. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, हे पाउलीनं १९२५ मध्ये मांडलं. आपण दगडावर हात टेकतो आणि हात आत जात नाही, त्यामागे हा नियम आहे. १९६७ मध्ये फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांनी गणितानं दाखवलं की पाउलीच्या नियमामुळेच एवढं द्रव्य कोसळून न जाता टिकतं.

म्हणजे गोष्ट रीलच्या बरोबर उलटी आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षं घट्ट उभा आहे, तो क्वांटममुळे. क्वांटम नसतं तर तोरणाही नसता आणि त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला आपणही नसतो.

शास्त्रज्ञांचं तरी एकमत आहे का?

नाही. आणि हे लपवण्यात अर्थ नाही. समीकरणं सगळ्यांना मान्य आहेत, उत्तरं दशांशाच्या कित्येक स्थळांपर्यंत बरोबर येतात. पण समीकरणांचा अर्थ काय, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. ‘नेचर’ नियतकालिकानं २०२५ मध्ये अकराशेहून अधिक संशोधकांना विचारलं. ३६ टक्क्यांनी कोपनहेगन पद्धतीचा अर्थ निवडला. त्याचा सार असा: मोजण्याआधी कणाचं काय होतं हे विचारू नका, मोजल्यावर काय मिळेल ते सांगता येतं. १५ टक्क्यांनी ‘अनेक विश्वं’ पसंत केली.

अनेक विश्वांची कल्पना ह्यू एव्हरेटनं १९५७ मध्ये मांडली. त्याच्या मते कुठलीच शक्यता मरत नाही. प्रत्येक मापनाला विश्वाच्या फांद्या फुटतात, एका फांदीत ‘हो’, दुसरीत ‘नाही’. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात पोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. आपल्या जगात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाई फिरली. त्या जगात गोळी चाटून गेली. या कोड्याची उकल कथेत क्वांटम सिद्धांताच्या आधारानं केली आहे: इलेक्ट्रॉनची दिशा जशी आधी सांगता येत नाही, तसे इतिहासाचे काही नाजूक क्षणही दोन्हीकडे कलू शकतात. हीच कथा इंग्रजीतून ‘द अॅडव्हेंचर’ या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. मराठीत क्वांटमची गोडी लावणारं याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. मात्र ती कथा आहे. दुसऱ्या फांदीवर जाऊन बखरीचं पान आणणं एव्हरेटच्या सिद्धांतातही शक्य नाही.

तिसरा पक्ष डेव्हिड बोमचा. कण नेहमी ठरलेल्या जागीच असतो, त्याला एक लहर वाट दाखवते, आणि ती लहर सगळीकडे एकदम जोडलेली असते. म्हणजे ‘वास्तव’ ठेवा, ‘स्थानिक’ सोडा. चौथा पक्ष म्हणतो की समीकरणच किंचित अपुरं आहे. मोठ्या वस्तूंची ‘इथेही-तिथेही’ अवस्था आपोआप कोसळते, कुणी बघो न बघो. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये हा मार्ग दाखवला.

या वादात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी १९९१ मध्ये दोनपेक्षा अधिक कणांसाठी बेलच्या कसोट्या मांडल्या. त्याच संस्थेत काम केलेले तेजिंदर पाल सिंग हे आपोआप कोसळण्याच्या सिद्धांतांवरच्या २०१३ च्या मोठ्या आढाव्याचे एक लेखक आहेत.

माया आणि क्वांटम एकच का?

नात्यातल्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मुद्दा निघतोच: आपल्या ऋषींनी हे आधीच सांगितलं होतं. श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती, हे खरं. १४ जुलै १९३० रोजी आइनस्टाइन आणि रवींद्रनाथ टागोर बर्लिनजवळ कापुथला भेटले आणि माणसाशिवाय सत्य असतं का, यावर बोलले, हेही खरं. पण ओढ म्हणजे पुरावा नव्हे. श्रोडिंगरचं समीकरण तपासलं गेलं ते हायड्रोजनच्या वर्णपटावर.

दुसरं म्हणजे, ‘आपली परंपरा जगाला भास म्हणते’ हे तरी सरसकट कुठे खरं आहे? ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचं अख्खं प्रकरण लिहिलं. जग अज्ञानातून आलेला आभास आहे, या मताशीच ते तिथे वाद घालतात. त्यांच्या भूमिकेला अभ्यासक चिद्विलासवाद म्हणतात: जग हा चैतन्याचा विलास आहे, खोटेपणा नव्हे. आपल्याच घरात हा वाद सातशेहून अधिक वर्षं चालू असताना कुठल्या एका बाजूला क्वांटमचा शिक्का मारून देणं, हा दोन्हींवर अन्याय आहे.

शिवाय भासाची एक साधी ओळख आहे. मृगजळ जवळ गेलं की नाहीसं होतं. दोरीवरचा साप दिवा आणला की जातो. क्वांटमचं उलट आहे. दिवा जितका प्रखर, उपकरण जितकं नेमकं, तितकं ते विचित्र वागणं अधिक पक्कं दिसतं. डेल्फ्टला येतं तेच उत्तर जगातल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत येतं, प्रयोग करणाऱ्याची श्रद्धा काहीही असो.

मग हे सगळं समजून घ्यायचं कशाला?

कारण ‘क्वांटम’ या शब्दावर बाजार उभा आहे. विंझरला आत्याच्या शेजारच्या एका काकूंच्या गळ्यात काळं पदक होतं. ‘क्वांटम ऊर्जा’ देतं म्हणून ओळखीतून आलेलं, किंमत चार आकडी. थायरॉइडची गोळी हळूहळू बंद होईल, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं आणि काकूंनी ती आपल्या मनानं अर्धी केलेली. आत्यानं त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली.

अशा पदकांबद्दल एक माहिती सगळ्यांना असायला हवी. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये दहा वस्तूंबाबत जाहीर इशारा दिला. ५जीपासून संरक्षण देतात म्हणून त्यातल्या काही विकल्या जात होत्या, यादीत ‘क्वांटम पेंडंट’ही होतं. तपासणीत त्या सगळ्या किरणोत्सारी निघाल्या. लोकांनी त्या अंगावर घालू नयेत, बंद करून बाजूला ठेवाव्यात, असं सांगण्यात आलं. किरणांपासून वाचवणारी वस्तू स्वतःच किरण सोडत होती.

खरं क्वांटम तंत्रज्ञान गळ्यात घालावं लागत नाही. ते खिशातल्या मोबाइलच्या ट्रान्झिस्टरमध्ये आहे, एलईडीच्या दिव्यात आहे, शेतातल्या सौर पॅनेलमध्ये आहे, रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहातल्या अणुघड्याळात आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनची तरतूद ६००३.६५ कोटी रुपयांची आहे. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं स्वतंत्र आय-हब आहे.

सीमा नेमकी कुठे आहे?

एक प्रश्न अजून उघडा आहे. इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून जातो, तोरणा जात नाही. यांच्यामध्ये रेघ कुठे आहे, की रेघ नाहीच? व्हिएन्नात १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या चेंडूनं लहरीसारखं वागून दाखवलं. २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंनीही. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना. त्यांनी १९८४-८५ मध्ये हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम वागणूक दाखवली होती. रेघ मागे मागे सरकते आहे.

मोठ्या वस्तू गुरुत्वाकर्षणामुळे कोसळत असतील, असं डिओसी आणि पेनरोझ यांचं म्हणणं. तसं असेल तर त्यातून अतिशय क्षीण क्ष-किरण बाहेर पडायला हवेत. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत ते शोधले. २०२० मध्ये निकाल आला: त्या कल्पनेचं सर्वात साधं रूप तरी बाद. इतर रूपं शिल्लक आहेत.

आणि अवकाशाचं काय? धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली. त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ उभी राहिली. तिच्यानुसार अवकाश सलग नाही. कापड लांबून सलग दिसतं आणि जवळून धागे दिसतात, तसं ते विणलेलं आहे. धाग्यांची माप मीटरच्या दहाचा उणे पस्तिसावा घात, म्हणजे आजच्या कुठल्याही उपकरणाच्या पलीकडची. ते खरं निघालं तर ‘इथे’ आणि ‘तिथे’, विंझर आणि स्वारगेट, हे शब्दच मुळात खालच्या थरातून वर आलेले असतील. पण कापड धाग्यांचं असतं म्हणून कुणी त्याला भास म्हणत नाही. त्याचा सदरा शिवता येतो.

बारावीच्या पाठ्यपुस्तकात प्रारण आणि द्रव्याच्या दुहेरी स्वरूपाचा धडा आहे, अणुरचनेचाही आहे. बेलचं प्रमेय नाही. त्यासाठी वरचा खेळ आहे. दोन माणसं आणि दोन नाणी पुरतात. शंभर फेऱ्या खेळा आणि मोजा, सरासरी पंचाहत्तरच्या वर नेता येते का ते. पुढे हेच शिकायचं असेल तर आयसरचा प्रवेश ‘आयसर अॅप्टिट्यूड टेस्ट’मधून होतो, बारावीला विज्ञान शाखा हवी.